कव्हर कुणाला?

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नर्सबाई बोलणार म्हटल्यावर ती रक्तक्षयावर नाहीतर बाळंतपणावर बोलेल असं तुम्हाला वाटलं असणार. संयोजक बायकांनीही मला तसंच सुचवलं होतं. मी विषय बदलून मागितला. मला सर्दी-खोकल्यावर बोलायचंय. म्हणजे फ्लू, कोविड, लहान मुलांची छाती भरणं, अशा विषाणूंच्या आजारांनी माणूस दवाखान्यात भरती होतो, तेव्हा त्याला अँटिबायोटिकची जी इंजेक्शनं टोचली जातात त्यांच्यावर. हा बायकांचा विषय कसा, असं कुणी विचारेल. भरती झालेलं माणूस कुणीही असो, खाटेशेजारी रात्रभर कोण बसलेलं असतं ते आठवा. मेडिकलची चिठ्ठी कुणाच्या हातात देतात तेही आठवा.

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. त्यातली ११ वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एकाच दवाखान्यात घडतं असं नाही, आणि त्यात मीही होते.

पावसाळा सरत आला की मुलांचा वॉर्ड भरायचा. एका खाटेवर दोन-दोन मुलं, खाली चटईवर आया. बहुतेक मुलं वर्षाच्या आतली. दोन दिवस नाक वाहतं, मग छाती वाजायला लागते, पोट उडतं, बाळ अंगावर प्यायचं सोडतं. डॉक्टर याला ब्राँकिओलायटिस म्हणतात. फुप्फुसात हवा नेणाऱ्या अगदी बारीक नळ्यांना सूज येते आणि त्या चिकट पाण्याने भरतात. बहुतेक वेळा हे काम आरएसव्ही नावाच्या विषाणूचं असतं.

अशीच एक सात महिन्यांची मुलगी होती. आई विशीतली, शेतमजुरी करणारी. नवरा कामावरून येऊ शकला नव्हता, सोबत म्हातारी सासू. राउंडला सर आले, छाती तपासली आणि म्हणाले, "व्हायरल दिसतंय. ऑक्सिजन लावा. आणि अँटिबायोटिकचं कव्हर देऊ."

हा 'कव्हर' शब्द तुम्हीही ऐकला असेल. वहीला कव्हर घालतात, उशीला घालतात, तसं पेशंटला घालायचं. आजार विषाणूचा आहे हे डॉक्टरांना कळलेलं असतं, ते तोंडाने तसं म्हणतातही, आणि त्याच दमात जिवाणूंवरचं औषध लिहितात. न जाणो, उद्या काही झालं तर.

त्या मुलीला शिर सापडेना. दोन्ही हात झाले, पाय झाले, शेवटी डोक्यावरची शिर घेतली. आधीच धाप लागलेलं लेकरू, रडून रडून निळं पडायला लागलं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन दिवसातून दोनदा आणि अ‍ॅमिकासिन एकदा. अ‍ॅमिकासिनचा वॉर्डातला साठा संपला होता म्हणून मी चिठ्ठी आईच्या हातात दिली. ती दोन तासांनी पिशवी घेऊन परत आली, तेव्हा तिच्या कानातली फुलं नव्हती. भोकं बुजू नयेत म्हणून झाडूच्या काड्या खोचल्या होत्या. सोनं कितीसं असणार, गुंजभर. पण ते तिच्या माहेरचं होतं.

इंजेक्शन भरताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "सिस्टर, हे कशाचं इंजेक्शन आहे?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनी लिहिलंय."

मैत्रिणींनो, मला तेव्हा माहीत होतं ते कशाचं आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. त्या बाईने सरळ प्रश्न विचारला आणि मी तिला उत्तराच्या जागी हुद्दा दाखवला. ती गप्प बसली. पुन्हा तिने काही विचारलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुलीचा श्वास सुधारला. हा आजार असाच असतो, तीन ते पाच दिवसांत वाढतो आणि मग आपल्या गतीने उतरतो. पण घरी जाताना सासू सरांच्या पाया पडली आणि म्हणाली, "इंजेक्शनानं पोर वाचली." मुलगी वाचली ती ऑक्सिजनने, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून शेंबूड काढल्याने आणि चमच्या-चमच्याने पाजलेल्या दुधाने. ते दूध पिळून, लेकराला उभं धरून रात्रीच्या रात्री बसली होती तिची आई. तिचं नाव कुणी घेतलं नाही. इंजेक्शनांचं म्हणाल तर मुलीच्या तोंडात पांढरी बुरशी आली, जुलाब लागले, आणि त्यासाठी मुक्काम दोन दिवसांनी वाढला. जुलाबाचे कपडे कुणी धुतले हे सांगायला नको.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. रोज दही लावणाऱ्या बायकांना जिवाणू काही नवे नाहीत. विरजणात असतात ते जिवाणूच. ते स्वतः खातात, वाढतात, एकाचे दोन होतात. त्यांना स्वतःची भिंत असते, स्वतःचा कारखाना असतो. पेनिसिलीनसारखी औषधं ती भिंत पाडतात, दुसरी काही औषधं तो कारखाना बंद पाडतात. विषाणूला यातलं काहीच नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपलीच यंत्रणा वापरतो. पाडायला भिंतच नाही तर औषध काय पाडणार? सर्दी, फ्लू, आरएसव्ही, कोविड, कुणावरही अँटिबायोटिक काडीचं काम करत नाही. ते कितीही महाग असो, तोंडाने द्या की शिरेतून द्या. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे 'इन्फेक्शन वाढलं' असं आपल्याला सांगतात, तेही खरं नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो रंग येतो. आणि विषाणूचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढ्यावरून औषध बदलून अधिक जालीम द्यायचं कारण नसतं.

पण डॉक्टर मूर्ख आहेत किंवा सगळेच लुटारू आहेत असं मी म्हणणार नाही. तसं बोललं की टाळ्या पडतात, पण मी त्यांच्याशेजारी ३१ वर्षं उभी होते. त्यांच्या भीतीला आधार आहे. १९१८ सालच्या फ्लूच्या साथीबद्दल आपल्या आज्या-पणज्या सांगायच्या. जूनमध्ये मुंबई बंदरातून ती साथ आत आली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. आजाऱ्याची सेवा त्याच करत होत्या. त्या काळच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने संशोधकांनी पुढे तपासले. त्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बहुतेक मृत्यू नुसत्या विषाणूने झाले नाहीत. विषाणूने फुप्फुस सोलून काढलं आणि मागून जिवाणूंचा न्यूमोनिया आला. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं, ते १९२८ मध्ये सापडलं आणि माणसांच्या हाती यायला आणखी १२-१५ वर्षं गेली.

म्हणून अत्यवस्थ पेशंट आला, एक्स-रे खराब आहे, तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस आहेत, अशा वेळी डॉक्टरने पहिल्या दिवशी अँटिबायोटिक सुरू केलं तर मी त्याला दोष देणार नाही. फ्लू उतरला, बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढला, धाप लागली, तर ते द्यावंच लागतं. माझी तक्रार आहे ती तिसऱ्या दिवसाबद्दल. रक्ताचा, बेडक्याचा रिपोर्ट येतो, त्यात काही नसतं, आणि तो कागद फाइलमध्ये टाचला जातो. कुणी वाचत नाही. औषध चालूच. विचारलं तर, "चालू आहे ना, मग कोर्स पूर्ण होऊ दे." ज्या रोगासाठी औषध नव्हतंच, त्याचा कोर्स कसला? कित्येकदा तर रक्त तपासायला पाठवण्याआधीच इंजेक्शन दिलेलं असतं, म्हणजे रिपोर्टमध्ये खरं काही यायची सोयच उरत नाही.

ही माझ्या एकटीची ओरड नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत ९,६५२ भरती रुग्णांची पाहणी केली. हे सगळे काही विषाणूंचे रुग्ण नव्हते, सगळ्या वॉर्डांतले होते. त्यातल्या सुमारे ७२ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. ज्यांना चालू होतं त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना ते संसर्ग झाला म्हणून दिलेलं नव्हतं, होऊ नये म्हणून दिलेलं होतं. आणि नेमका जिवाणू कोणता ते कळल्यावर औषध दिलं, असे किती? ६ टक्के.

आता कोविडकडे येते. ते दिवस आठवायचे म्हणजे अंगावर काटा येतो. घराघरात अ‍ॅझिथ्रोमायसिनची पाकिटं होती, शेजारणीने शेजारणीला द्यायची. २०२० च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, पहिल्या लाटेत, भारतात नेहमीपेक्षा २१ कोटींहून अधिक डोस अँटिबायोटिक जास्त विकली गेली आणि त्यातले ३ कोटी ८० लाख डोस एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनचे होते, असा अंदाज पुढे संशोधकांनी मांडला. केंद्राच्या सुरुवातीच्या उपचार-सूचनांत ते औषध होतं, जून २०२० मध्ये ते त्यातून काढलं गेलं. चिठ्ठ्यांवरून मात्र निघालं नाही. इंग्लंडमध्ये ते नीट पारखून पाहिलं. दवाखान्यात भरती झालेल्या कोविड रुग्णांपैकी २,५८२ जणांना अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं आणि ५,१८१ जणांना दिलं नाही. दोन्ही गटांत २८ दिवसांत २२ टक्के दगावले. काडीचाही फरक नाही. हा निकाल डिसेंबर २०२० मध्येच जाहीर झाला. आपल्याकडची दुसरी लाट त्यानंतरची, मार्च-एप्रिल २०२१ ची. तेव्हाही सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच औषध होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये ६५ देशांतल्या साडेचार लाख भरती रुग्णांचा हिशोब मांडला. कोविडसोबत जिवाणूंचा संसर्ग झालेले, म्हणजे ज्यांना अँटिबायोटिकची खरी गरज होती असे ८ टक्के. ज्यांना ते दिलं गेलं असे ७५ टक्के.

टक्केवारी बाजूला ठेवते. कोविडमध्ये नवरा गेलेल्या बायकांसाठी २०२१ नंतर महाराष्ट्रात जन आरोग्य अभियान, कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती अशा मंचांनी दवाखान्यांची बिलं तपासून घेण्याची मोहीम घेतली, तुमच्यापैकी काहीजणी त्यात होत्या. आमच्या भागात आम्हीही काही निवृत्त नर्सेस अशा बायकांबरोबर बिलं घेऊन बसायचो. एकीने रेशनच्या पिशवीत घालून फाइल आणली होती. बिलात मेरोपेनेमच्या २४ व्हायल. आठ तासांनी एक, म्हणजे आठ दिवस. मेरोपेनेम हे साधं औषध नाही. बाकीची हरली की काढायचं, असं राखून ठेवलेलं औषध आहे. मी सगळी फाइल चाळली. रक्ताचं कल्चर पाठवल्याची नोंद नाही, बेडक्याची नाही. कशासाठी दिलं याची एक ओळ नाही. पहिल्या दिवशीच्या कागदावर दोन शब्द होते, अँटिबायोटिक कव्हर.

तिने एक एकर गहाण टाकला होता.

मी तिला खरं तेच सांगितलं. व्हेंटिलेटर, नळ्या, स्टेरॉइड यांमुळे दवाखान्यातच जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा शेवटी-शेवटी त्यांना त्याची गरज पडलीही असेल, पण कागदावरून ते कळत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ते द्यायला पायजे होतं का नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही?" मी म्हणाले, नाही सांगता येत. ती फाइल परत पिशवीत घालायला लागली आणि घालता-घालता म्हणाली, "मी तिथं रोज बाहेर बसलेली होते. मला विचारलं असतं तर?"

तिचं हे वाक्य मला सोडत नाही. तिला औषधशास्त्र कळत नव्हतं, बरोबर आहे. पण सही तिची घेतली होती. पैसे तिने भरले होते.

आणि हे पैशावर संपत नाही. अँटिबायोटिक दिलं की ते विषाणूला काही करत नाही, पण आपल्या आतड्यांत, कातडीवर जे कोट्यवधी जिवाणू सुखाने राहतात त्यांच्यावर चालतं. त्यातले कमकुवत मरतात, निगरगट्ट उरतात आणि वाढतात. त्यांची निगरगट्टपणाची विद्या ते शेजारच्या जिवाणूंनाही देतात. मग ते निघतात फिरायला. वॉर्डातून वॉर्डात त्यांना कोण नेतं? आमचे हात. एका नर्सकडे ४० पेशंट आणि नळाला पाणी नाही, अशा रात्री मी काढल्या आहेत. मुलांच्या वॉर्डातून बोलावणं आलं की तशीच बाळंतिणींच्या वॉर्डात जायची मी. ते जिवाणू तिथे सिझेरियनच्या टाक्यांत जातात, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या रक्तात जातात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुदोष झालेल्या बाळांत जो जिवाणू सगळ्यात जास्त सापडला, असिनेटोबॅक्टर, त्यातले ८० टक्क्यांहून जास्त अनेक औषधांना दाद न देणारे होते. ही बाळं काही दिवसांची होती. त्यांनी आयुष्यात कुठलं औषध खाल्लं होतं? औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. तेव्हा खोकल्याच्या पेशंटला घातलेलं कव्हर कुणाच्या अंगावरचं काढून घातलेलं असतं, ते बघा.

आणखी एक, जे बायका उघड बोलत नाहीत. अँटिबायोटिकचा मारा झाला की अंगावर खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. योनीतले चांगले जिवाणू मेले की बुरशी फोफावते. खोकल्यासाठी भरती झालेली बाई घरी येते आणि आठ दिवसांनी हे सुरू होतं. दोन्हींचा संबंध तिला कुणी सांगितलेलाच नसतो. ती लाजते, अंगावर काढते, नाहीतर नवऱ्याच्या संशयाची धनी होते. हे मी तीन-चार जणींच्या बाबतीत पाहिलंय. तसंच टीबीचं. खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध दिलं की टीबी असला तर तो थोडा दबतो, बरं वाटतं, निदान लांबतं. आपल्याकडे बाईच्या खोकल्याकडे तसंही घरात शेवटी लक्ष जातं.

इथे काहीजणी म्हणतील, मग ही औषधं वाईटच. नाही. गडचिरोलीचं उदाहरण सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून तिथल्या गावांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. दवाखाना दूर, रस्ता नाही, पोरं मरत होती. त्यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांनाही न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे साधं, स्वस्त अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, आणि ते १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पण द्यायच्या आधी त्या काय करायच्या? मूल शांत असताना एक पूर्ण मिनिट त्याचे श्वास मोजायच्या. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, त्याहून मोठं असेल तर ४० किंवा जास्त, तर तो धोका. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं. निरक्षर दाई औषध देण्याआधी मोजत होती. एम.डी. झालेला डॉक्टर आलेला रिपोर्ट उलटून बघत नाही, तेव्हा मला ती दाई आठवते.

आता आपण काय करायचं? औषधाबद्दल प्रश्न विचारणं आपल्या चळवळीला नवीन नाही. गरोदर आहे का हे बघायला हार्मोनच्या जादा डोसाची ई.पी. औषधं सर्रास दिली जायची. त्याविरुद्ध देशभरच्या स्त्री-संघटना आणि आरोग्य-संघटना उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, कंपन्यांनी कोर्टातून स्थगिती आणली आणि प्रत्यक्ष बंदी यायला १९८८ उजाडलं. तेव्हाही 'तुम्हाला काय कळतं' हेच ऐकलं होतं. फरक एवढाच की तेव्हा बंदी मागायची होती. इथे बंदी मागायची नाही, कारण उद्या आपल्याच लेकीच्या बाळंतपणात हे औषध चालायला हवंय.

कायदे आहेत. १ मार्च २०१४ पासून एच-१ नावाची यादी लागू आहे. तिच्यातली अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. केरळने जानेवारी २०२४ मध्ये दुकानांवर अचानक धाडी टाकायची मोहीम सुरू केली. त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं की अँटिबायोटिक लिहिताना कशासाठी देत आहात ते चिठ्ठीवर लिहा. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद खाजगी दवाखान्यात लावणं बंधनकारक झालं. आजार काय, उपचार काय, हे कळण्याचा हक्क त्यात आहे. कुठे लावलीय ती सनद? बहुधा जिन्याखाली, झाडाच्या कुंडीमागे. तुमच्या तालुक्यातले दवाखाने फिरून बघा, हे काम या शिबिरातून घेऊन जाण्यासारखं आहे.

पण रात्री अकरा वाजता वॉर्डात सनद घेऊन भांडता येत नाही, हे मलाही कळतं. "जास्त शहाणपणा असेल तर घेऊन जा पेशंट" असं म्हणतात, हे तुम्ही मघाशी सांगितलंतच. म्हणून पद्धत सांगते. राउंडच्या वेळी, सगळ्यांसमोर, शांतपणे विचारायचं. "डॉक्टर, हे अँटिबायोटिक आहे का? आजार व्हायरल आहे असं आपण म्हणालात, मग हे कशासाठी?" उत्तर आलं तर लिहून घ्यायचं, लिहिताना त्यांना दिसलं पाहिजे. पुढचा प्रश्न, "रक्त-बेडका तपासायला आधी घेतलाय ना? रिपोर्ट कधी येईल?" आणि ज्या दिवशी रिपोर्ट येणार त्या दिवशी आठवण करायची, "रिपोर्ट आला असेल तर हे चालू ठेवायचं की थांबवायचं?" बास. भांडण नाही, आरोप नाही. उलट दुसऱ्या बाजूने आपणही एक सोडायचं. "साधं नको, भारी इंजेक्शन द्या", "सलाईन का नाही लावलं" असं आपलेच नातेवाईक डॉक्टरांच्या मानगुटीवर बसून म्हणतात. डॉक्टर मारहाणीला भितात, हेही खोटं नाही.

एक मात्र बजावून सांगते. माझं भाषण ऐकून कुणी चालू असलेलं औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. तुम्हाला दिसत नाही ते डॉक्टरला दिसलेलं असू शकतं. विचारायचं, आणि त्यांनाच थांबवायला लावायचं. आणि इथे ज्या दोघी-तिघी नर्सिंगच्या मुली बसल्या आहेत त्यांना सांगते. तुमची नोकरी कंत्राटी आहे, मला माहीत आहे. मी कायम होते तरी बोलले नाही. पण पेशंटच्या आईने विचारलं तर निदान औषधाचं नाव आणि ते कशावर चालतं एवढं तिला सांगा. तेवढ्याने कुणी कामावरून काढत नाही.

माझ्या भाचीचं मूल मागच्या पावसाळ्यात असंच भरती होतं. तिने राउंडला हे तीन प्रश्न विचारले. पहिल्या दिवशी डॉक्टर चिडले, म्हणाले, "गूगल वाचून आलात का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी फाइल मागवली, रिपोर्ट बघितला, भाचीकडे न बघता नर्सला म्हणाले, "अँटिबायोटिक बंद करा," आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या पुढच्या खाटेवरच्या मुलाला तेच इंजेक्शन चालू होतं. ते काही त्यांनी बंद केलं नाही. त्याच्या आईने काही विचारलं नव्हतं.

मी संयोजकांना सांगितलंय, जेवणानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांनी दवाखान्याच्या फाइली, बिलं आणली असतील त्यांनी घेऊन यायच्या. घाई करू नका, एकेक बघू. आणि कुणाकडे जवळचा चष्मा जादा असेल तर द्या गं, माझा घरी राहिलाय.